एकाच गाइडच्या यादीत मुळांवरचे जिवाणूही आणि माकडंही: अशी यादी वाचायची कशी?

प्रश्न: मी मुंबईत मायक्रोबायोलॉजीत एमएस्सी केलं आहे, जेआरएफ (संशोधनासाठीची फेलोशिप) मिळाली आहे. पीएचडीसाठी ज्या गाइडकडे जागा मिळण्याची शक्यता आहे, त्यांच्या शोधनिबंधांपैकी साधारण निम्मे वनस्पती आणि सूक्ष्मजीवांच्या परस्परसंबंधांवर आहेत आणि निम्मे माकडांच्या जीवशास्त्रावर. घरी आणि मित्रांमध्ये एकच शेरा ऐकू येतो, ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’. अशा गाइडकडे जावं का? त्यांचं संशोधन तपासायचं तरी कसं?

उत्तर:

विषय दोन आहेत एवढ्यावरून काहीच ठरत नाही. त्या दोन विषयांना जोडणारा सांधा आहे का, आणि त्या सांध्यावरचं काम तुमच्या गाइडनी स्वतः केलंय का, हे पाहायचं. माझी नोकरी मुंबईतल्या एका मायक्रोबायोलॉजी विभागात झाली आणि निवड समित्यांवर बसून अशा याद्या मी पुष्कळ वाचल्या. जन्मभर एकाच जिवाणूला धरून राहिलेल्या माणसाची यादीही चिंध्यांची निघते, आणि तीन विषयांत हिंडलेल्या माणसाच्या यादीत एकच प्रश्न सतत सापडतो. तेव्हा घरच्यांचा शेरा तूर्त बाजूला ठेवा.

यादी तळापासून वाचायला घ्या. वेबसाइटवर नवा निबंध सगळ्यात वर असतो, त्यामुळे माणूस कुठून कुठे गेला हे आपल्या लक्षातच येत नाही. सगळ्यात जुना निबंध काढा; तो बहुधा त्यांच्या पीएचडीतला असेल. मग प्रत्येक निबंधाखालचा पत्ता बघत वर या. आपल्याकडे पत्ता बदलला की विषय बदलतो. पीएचडी होते कडधान्यांच्या मुळांवरच्या गाठींवर, पोस्टडॉक (पीएचडीनंतरची संशोधनाची जागा) मिळते परदेशात मकाक माकडांच्या रोगप्रतिकारावर काम करणाऱ्या लॅबमध्ये, आणि परत आल्यावर नोकरी लागते अशा कॉलेजात जिथे माकड सोडा, उंदीर ठेवायलाही खोली नसते. मग पुन्हा कुंड्या आणि पेट्री प्लेट. उलटा प्रवासही मुंबईत अशक्य नाही: परळला आयसीएमआरची प्रजनन आरोग्यावरची संस्था 1970 पासून आहे आणि माकडांवरचं प्रजननविषयक काम तिथे झालेलं आहे. यात लबाडी काहीच नाही. पदरात पडलेल्या नोकरीत माणसाने काय केलं ते बघायचं.

आता सांध्याकडे येते, कारण खरी गंमत तिथेच आहे. वनस्पती-सूक्ष्मजीव आणि प्राणी या दोन दुनिया वाटतात तितक्या लांब नाहीत, हे दाखवणारं मला आवडणारं उदाहरण फ्रेडरिक ऑसुबेल यांचं. त्यांचं आधीचं काम नायट्रोजन स्थिरीकरणाच्या जनुकांवरचं, म्हणजे ज्या जिवाणूंमुळे हवेतला नायट्रोजन वापरण्याजोगा होतो त्यांच्यावरचं. पुढे ते अरॅबिडॉप्सिस या छोट्या रोपाच्या रोगांकडे वळले. 1995 साली लॉरेन्स राहमे, ऑसुबेल आणि सहकाऱ्यांचा निबंध ‘सायन्स’मध्ये आला. त्यात स्यूडोमोनास एरुजिनोसा या जिवाणूची पीए14 नावाची एकच स्ट्रेन (वाण) अरॅबिडॉप्सिसच्या पानातही रोग घडवते आणि भाजलेल्या उंदरातही, असं दाखवलं होतं. काही ठरावीक जनुकं निकामी केली की दोन्ही ठिकाणी तिचा जोर ओसरत होता. त्यानंतर याच जिवाणूसाठी त्यांनी सूत्रकृमी वापरला. नुसती यादी पाहणाऱ्याला यात गाठी, पानं, उंदीर, कृमी असा बाजार दिसेल. प्रश्न मात्र एकच होता: जिवाणू यजमानाच्या अंगात शिरून टिकतो कसा?

माकडांपर्यंत यायचं तर याहून सरळ वाट आहे, आणि तिचा एक नमुना बोरिवलीच्या नॅशनल पार्कात झाडांवर बसलेला असतो. काळ्या तोंडाचं वानर पानं खाऊन जगतं. पानातलं सेल्युलोज पचवणारं एन्झाइम त्याच्याकडे स्वतःचं नाही. त्याच्या पोटाला पुढचा एक मोठा कप्पा असतो, तिथे जिवाणू पानं आंबवतात. गाईच्या पोटात चालतं त्यातलंच हे. 1968 साली बॉचप आणि मार्तुच्ची यांनी वानरांतलं हे रवंथ करणाऱ्या प्राण्यांसारखं पचन ‘सायन्स’मध्ये मांडलं. पुढचा प्रश्न असा की जिवाणूंनी पानं पचवली, पण त्या जिवाणूंच्या अंगातली प्रथिनं वानराला कशी मिळणार? तर पुढे खऱ्या जठरात लायसोझाइम नावाचं एन्झाइम जिवाणूंची भिंत फोडतं. आपल्या अश्रूंत आणि लाळेत असतं त्याच कुळातलं, पण आम्लात टिकून राहणारं. 1987 साली कारो-बेथ स्ट्युअर्ट, जेम्स शिलिंग आणि अॅलन विल्सन यांनी ‘नेचर’मध्ये दाखवलं की वानराच्या आणि गाईच्या जठरातल्या लायसोझाइममध्ये काही ठिकाणी तेच ते अमिनो आम्लांचे बदल स्वतंत्रपणे झालेले आहेत. दोन वेगळी कुळं, गरज एक, उत्तरही जवळपास एक.

आता याच भिंतीकडे वनस्पतीच्या बाजूने बघा. जिवाणूच्या भिंतीत एन-अॅसिटिल-ग्लुकोसामाइन या साखरेचे मणी असतात. लायसोझाइम कापतं ते नेमकं त्याच साखळीला. रायझोबियम, म्हणजे कडधान्यांच्या मुळांवर गाठी आणणारा जिवाणू, जेव्हा तुरीच्या किंवा मुगाच्या मुळाला ‘मी आलोय’ असं कळवतो, तेव्हा तो जो रेणू सोडतो त्याचा कणाही याच साखरेच्या चार-पाच मण्यांचा असतो, फक्त टोकाला स्निग्ध आम्लाचं शेपूट जोडलेलं. मूळ हा रेणू ओळखतं ते एलवायएसएम नावाच्या घडणीच्या रिसेप्टरांनी, म्हणजे बाहेरचे रेणू ओळखणाऱ्या पेशीवरच्या प्रथिनांनी. बुरशीच्या भिंतीतलं कायटिन ओळखायलाही वनस्पती याच घराण्यातले रिसेप्टर वापरते. म्हणजे जवळपास त्याच साखळीवरून एकदा दोस्त ओळखायचा आणि एकदा शत्रू. अशा साखळ्यांच्या रसायनावर काम करणाऱ्या शास्त्रज्ञाच्या यादीत मुगाच्या गाठी आणि वानराचं जठर दोन्ही असतील, तर मी तरी त्याला चिंध्या म्हणणार नाही.

सांधा कधी हत्यारात असतो, प्रश्नात नसतो. अॅग्रोबॅक्टेरियम हा जिवाणू वनस्पतीच्या पेशीत स्वतःच्या डीएनएचा तुकडा घुसवतो आणि खोडावर गाठ आणतो. त्याचा गाठीशी असलेला संबंध 1907 साली स्मिथ आणि टाउनसेंड यांनी दाखवला. 1970च्या दशकात गेंटमधल्या शेल आणि व्हान मोंटाग्यू यांनी त्यामागचं प्लाझमिड (जिवाणूतलं डीएनएचं सुटं वर्तुळ) शोधलं, आणि 1977 साली मेरी-डेल चिल्टन यांच्या गटाने त्यातला डीएनए वनस्पतीच्या पेशीत खरोखर पोचतो हे सिद्ध केलं. हा झाला वनस्पती-सूक्ष्मजीव संबंधांच्या पाठ्यपुस्तकातला धडा. पुढे माणसाने या जिवाणूलाच हमाल बनवलं: तंबाखूच्या जातीतल्या निकोटियाना बेंथामियानाच्या पानात अॅग्रोबॅक्टेरियम भरायचा आणि पानाकडून हवं ते प्रथिन तयार करून घ्यायचं. इबोलाविरुद्धचं झेडमॅप हे तीन प्रतिपिंडांचं मिश्रण असंच तंबाखूच्या पानात बनलं. 2014 साली ‘नेचर’मध्ये आलेल्या प्रयोगात इबोलाची लागण केलेल्या 18 ऱ्हीसस माकडांना ते दिलं गेलं, काहींचे उपचार तर लागणीनंतर पाचव्या दिवशी सुरू झाले, तरीही सगळी वाचली. या एकाच निबंधात तुमच्या गाइडचे दोन्ही विषय बसतात.

त्या गोष्टीचा पुढचा भागही सांगायला हवा, कारण माकडांवरचं काम वाचताना तो डोक्यात हवा. माणसांवरच्या चाचणीत 72 रुग्ण होते. नेहमीच्या उपचारांवर 37 टक्के दगावले, झेडमॅप दिलेल्या गटात 22 टक्के. फरक दिसत होता, पण आधी ठरवलेल्या सांख्यिकी निकषाला तो उतरला नाही. नंतर कांगोमधल्या मोठ्या चाचणीत दुसऱ्या दोन प्रतिपिंड-औषधांनी झेडमॅपला मागे टाकलं. अठरापैकी अठरा माकडं वाचली हे खरं, आणि माणसांत चित्र वेगळं निघालं हेही खरं. तुमच्या गाइडच्या माकडांवरच्या निबंधांत शेवटच्या परिच्छेदात माणसाबद्दल किती मोठे दावे केलेत ते जरूर बघा. संयम कुठे संपतो ते तिथे कळतं.

सांध्याच्या नावाखाली खपवल्या जाणाऱ्या एका गोष्टीपासून मात्र सावध करते. जिवाणूच्या शेपटीतलं फ्लॅजेलिन हे प्रथिन अरॅबिडॉप्सिस एफएलएस2 या रिसेप्टरने ओळखतो, हे 2000 साली कळलं. सस्तन प्राण्यांत तेच काम टीएलआर5 करतो, हे 2001 साली. लगेच पुष्कळांनी लिहून टाकलं की वनस्पतींची आणि प्राण्यांची प्रतिकारशक्ती एकाच पूर्वजाकडून आली. दोन्ही रिसेप्टर फ्लॅजेलिनचे वेगवेगळे भाग ओळखतात आणि आजचा एकंदर कल असा की ही व्यवस्था दोन्हीकडे स्वतंत्रपणे उभी राहिली. तुमच्या गाइडच्या रिव्ह्यू निबंधात किंवा ग्रँटच्या सारांशात ‘समान’ आणि ‘एकाच मुळाचे’ यांतला फरक पाळलाय का, तेवढं एक वाक्य शोधा. हा फरक पाळणारा माणूस दोन्ही विषय खरोखर वाचून आलेला असतो.

आणि सांधा सापडलाच नाही तर? आरोप करण्याआधी एक शंका मिटवून घ्या: हे दोन वेगळे लोक तर नाहीत? एस. पाटील, ए. जोशी, एस. कुलकर्णी ही नावं एकट्या मुंबईत किती असतील! डेटाबेस आडनाव आणि आद्याक्षर पाहून निबंध एकत्र बांधतो. एक पाटील कुंडीतल्या मुळांवर काम करत असतात आणि दुसरे माकडांच्या हार्मोनवर, आणि संगणकाच्या दृष्टीने दोघं एकच. गूगल स्कॉलरच्या पानावर अशी भेसळ सर्रास असते आणि ती काढून टाकायचा आळसही तितकाच सर्रास, कारण भेसळीने आकडे वाढतात. निबंधाच्या पहिल्या पानावरचा पत्ता आणि ईमेल बघा, सहलेखक दोन्ही अर्ध्यांत सामाईक आहेत का बघा, आणि ऑर्किड क्रमांक (प्रत्येक संशोधकाला मिळणारा स्वतंत्र ओळख क्रमांक) असेल तर तोही. ऑर्किड 2012 पासून आहे. ज्यांनी तो घेऊन नीट भरलाय त्यांची यादी बरीच स्वच्छ असते. माझ्या मते आज सक्रिय संशोधकाने तो घेतला नसेल तर त्याला कारण विचारायला हरकत नाही.

माणूस एकच असल्याची खात्री झाली की प्रत्येक निबंधात त्याचं नाव कुठे आहे ते पाहा. आपल्या क्षेत्रात पहिलं नाव ज्याने हाताने काम केलं त्याचं, शेवटचं नाव ज्याची लॅब आणि ज्याची कल्पना त्याचं. मधली नावं मदतनिसांची: कुणी स्ट्रेन दिली, कुणी सांख्यिकी केली, कुणी विभागप्रमुख होते म्हणून. (हा शेवटचा प्रकार आपल्याकडे आहे आणि सगळ्यांना माहीत आहे.) आता यादीवर दोन रंगांच्या पेनांनी खुणा करा, पहिलं-शेवटचं नाव एका रंगात, मधलं दुसऱ्या. बऱ्याचदा असं दिसतं की वनस्पतींवरच्या निबंधांत गाइडचं नाव शेवटी आहे आणि माकडांवरच्या सगळ्यांत मध्ये. मग प्रश्नच मिटला: हे वनस्पती-सूक्ष्मजीवांचे शास्त्रज्ञ आहेत आणि माकडांवर काम करणाऱ्या कुणाला ते एखादी चाचणी करून देतात. त्यात वाईट काही नाही, पण तुम्ही त्यांच्याकडे माकडांच्या जीवशास्त्रावर पीएचडी करायला निघाला असाल तर ते शिकवणार कोण? शिवाय कन्सॉर्शियमचे, म्हणजे अनेक संस्थांनी मिळून केलेले, निबंध वेगळे काढा. ऱ्हीसस माकडाचा जीनोम 2007 साली प्रसिद्ध झाला तेव्हा लेखकांची यादी भली लांब होती. असा एक निबंध खात्यावर असला की सायटेशनचा (इतरांनी निबंधाचा किती वेळा दाखला दिला त्याचा) आकडा सुजतो. त्यात त्या व्यक्तीचा वाटा किती, हे आकडा सांगत नाही.

आकड्यांचा विषय निघालाच आहे तर: एच-इंडेक्स ही निबंध आणि त्यांची सायटेशन एकाच आकड्यात मोजायची, हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने 2005 साली काढलेली युक्ती आहे, आणि दोन विषयांत काम करणाऱ्याला ती लावू नये. रिव्ह्यू आणि पद्धतींचे निबंध ती फुगवतात आणि विषयाविषयांत सायटेशनची सवयच निराळी असते. याहून जास्त वेळ त्यावर घालवू नका.

निबंधांच्या संख्येचंही तसंच. मुगाचं बी पेरून दोन-तीन आठवड्यांत मुळांवर गाठी दिसतात. अरॅबिडॉप्सिस बीपासून बीपर्यंत दीड-दोन महिन्यांत जातो. ऱ्हीसस माकडीण साधारण साडेपाच महिने गाभण राहते, एका वेळी एकच पिल्लू देते आणि ते पिल्लू वयात यायला तीन-चार वर्षं लागतात. प्रजननावरचा एक धड प्रयोग म्हणजे एका पीएचडीचं आयुष्य. रानातल्या माकडांचं निरीक्षण करणाऱ्यांचा वेग त्याहून संथ. धारवाडजवळच्या वानरांत नवा नर टोळी ताब्यात घेतो आणि पिल्लं मारतो, ही युकिमारू सुगियामा यांची 1960च्या दशकातली नोंद आजही सांगितली जाते. ती प्राण्यांमागे महिनोन्‌महिने फिरल्याशिवाय होत नाही. त्यामुळे यादीत वनस्पतींचे वीस आणि माकडांचे चार असं प्रमाण असेल, तर ते चार दुय्यम समजू नका. कदाचित वर्षं तिथेच गेली असतील.

आता निबंध उघडून वाचायची पाळी. वनस्पती-सूक्ष्मजीवांच्या बाजूला आपल्याकडे एक ठरावीक साचा आहे आणि तो ओळखता यायला हवा. कुठल्या तरी रोपाच्या मुळाजवळची माती आणायची, जिवाणू वेगळे करायचे, पिकोव्हस्काया प्लेटवर फॉस्फेट विरघळल्याचं वलय दाखवायचं, निळ्या कॅस प्लेटवर नारिंगी वलय म्हणजे सिडेरोफोर (लोह पकडणारा रेणू), साल्कोव्हस्की रिएजंट घालून गुलाबी रंग म्हणजे ऑक्झिन (रोपाच्या वाढीचं संप्रेरक). मग बियांना लावून अंकुर किती वाढला ते मोजायचं आणि शेवटी ‘जैविक खत म्हणून मोठी क्षमता’. रोप बदला, जिल्हा बदला, निबंध तयार. असे एक-दोन निबंध विद्यार्थी शिकवण्यासाठी ठीक आहेत. यादीत सगळेच तसे असतील तर तिथे तुम्ही पाच वर्षं वलयं मोजणार. वेगळा निबंध कसा ओळखायचा? जिवाणूतलं एखादं जनुक काढून टाकलं आणि परिणाम गेला, जनुक परत घातलं आणि परिणाम परत आला, असं काही त्यात आहे का? निर्जंतुक न केलेल्या खऱ्या मातीत तो जिवाणू टिकला का? रायझोबियमचं पाकीट गुळाच्या पाण्यात कालवून बियाण्याला चोळणाऱ्या शेतकऱ्याला पेट्री प्लेटवरचं वलय काहीच सांगत नाही.

आणखी दोन गोष्टी मी नेहमी शोधते. एक, नमुना-संख्या. एका कुंडीतल्या एका रोपाची दहा पानं मोजली म्हणजे दहा नमुने होत नाहीत, तो एकच नमुना आहे. ही चूक चांगल्या जर्नलांतही राहून जाते. दुसरी, स्ट्रेन कुठे ठेवली आहे. पुण्याच्या एनसीआयएम किंवा चंदीगडच्या एमटीसीसी या सूक्ष्मजीवांच्या संग्रहांत जमा केलेल्या स्ट्रेनचा क्रमांक निबंधात असतो. तो असेल तर उद्या कुणीही ती मागवून प्रयोग पुन्हा करू शकतं. क्रमांक नसलेली, फक्त त्या लॅबच्या फ्रीजमध्ये असलेली स्ट्रेन फ्रीज बंद पडला की संपली.

स्ट्रेनची सरमिसळ किती महागात पडते याचं उदाहरण भाताच्या संशोधनातलं आहे. पामेला रोनाल्ड यांच्या गटाने 1995 साली भातातलं एक्सए21 हे करपा-प्रतिकाराचं जनुक वेगळं केलं, त्याला आजही कोणी धक्का लावलेला नाही. पुढे त्या जनुकाला जाग आणणारा जिवाणूचा रेणू सापडल्याचं त्यांनी प्रसिद्ध केलं. लॅबमध्ये नवीन आलेल्यांना तो प्रयोग जमेना. तपासल्यावर स्ट्रेनवरची लेबलं चुकलेली निघाली आणि एक चाचणीही भरवशाची नव्हती. रोनाल्ड यांनी स्वतःहून ते जाहीर केलं आणि 2013 साली दोन निबंध मागे घेतले, त्यातला एक ‘सायन्स’मधला. 2015 साली त्याच गटाने खरा रेणू, रॅक्सएक्स, मांडला. तेव्हा यादीत ‘रिट्रॅक्टेड’ हा शब्द दिसला म्हणून पळू नका, मागे घेण्याची नोटीस वाचा. कुणी घेतला, का घेतला, पुढे काय केलं. दुसऱ्यांनी पकडल्यावर, चित्रं दोनदा वापरल्याच्या आरोपावरून, वर्षानुवर्षं नाकारून मग घेतला असेल, तर मात्र पळा.

माकडांच्या बाजूला नमुना-संख्या लहानच असणार. चार-सहा प्राण्यांचे गट तिथे नेहमीचे. म्हणून तिथे मी आकड्यापेक्षा परवानगी बघते. प्राण्यांवरचे प्रयोग 1960च्या क्रूरता प्रतिबंधक कायद्याखालच्या केंद्रीय समितीच्या देखरेखीखाली चालतात. जुने लोक तिला अजून सीपीसीएसईए म्हणतात. उंदरांसाठी संस्थेची समिती पुरते, माकडांसारख्या मोठ्या प्राण्यांसाठी केंद्राची परवानगी लागते. भारतातल्या माकडांवरच्या प्रयोगाच्या निबंधात त्या परवानगीचा उल्लेख नसेल तर तो निबंध मी बाजूला ठेवते. माकडं आली कुठून हेही लिहिलेलं असलं पाहिजे: प्रजनन केंद्रातली की रानातून धरलेली, ऱ्हीसस की बॉनेट. माथेरानच्या बाजारात हातातली पिशवी पळवणारं बॉनेट आणि उत्तरेकडचं ऱ्हीसस हे दोन वेगळे प्राणी आहेत. एकाचे निष्कर्ष दुसऱ्यावर न सांगता लादलेले दिसले, तर तो निष्काळजीपणाच.

एवढं झालं की शोधगंगेवर जा. गाइडचं नाव घालून त्यांच्या हाताखाली झालेले प्रबंध काढा. इन्फ्लिबनेटचं हे भांडार फुकट आहे आणि विद्यार्थी ते का वापरत नाहीत हे मला कळत नाही. प्रबंधाचा विषय, नोंदणी आणि सादर करण्याची वर्षं, आणि विद्यार्थ्याचं नाव गाइडच्या निबंधात पहिलं आलंय का, हे तीन रकाने करा. ज्या गाइडच्या विद्यार्थ्यांच्या कामावर दुसऱ्याच कुणाचं नाव पहिलं येतं, तिथे तुमच्या वाट्यालाही तेच येईल. यूजीसीने नोव्हेंबर 2022च्या नियमांत प्रबंधाआधी निबंध छापण्याची सक्ती काढली आहे, त्यामुळे घाईघाईने पैसे देऊन छापलेले निबंध आता कमी व्हायला हवेत. जुन्या यादीत मात्र ते भरपूर सापडतील. त्याच नियमांनुसार प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चारच विद्यार्थी घेता येतात, आणि निवृत्तीला तीन वर्षांहून कमी राहिली असतील तर नवीन विद्यार्थी घेता येत नाही. गाइडची निवृत्ती कधी, हा प्रश्न विचारायला मुलं लाजतात. लाजू नका, ऑफिसात विचारा.

मग त्यांना भेटायला जा, आणि घोळ न घालता विचारा: माझा प्रबंध यातल्या कोणत्या अर्ध्यात बसेल? उत्तर वनस्पतींचं असेल तर पुढचा प्रश्न ग्रीनहाउसचा आणि स्ट्रेन कलेक्शनचा. उत्तर माकडांचं असेल तर परवानगी आज हातात आहे की अर्ज करायचाय, हे विचारा. फेलोशिप जास्तीत जास्त पाच वर्षं, पहिली दोन जेआरएफची आणि पुढची एसआरएफची. त्यातलं एक वर्ष फाइल फिरण्यात गेलं तर ते तुमच्या खात्यातून जातं. दोन्ही अर्ध्यांत थोडं थोडं करू असं म्हणाले तर त्यांना सांधा समजावून सांगायला सांगा. ज्यांच्याकडे तो आहे ते पाच मिनिटांत फळ्यावर काढून दाखवतात आणि मग थांबतच नाहीत.

अॅनिमल हाउसमध्ये जायची वेळ येणार असेल तर अजून एक. मकाक माकडांत (ऱ्हीसस आणि बॉनेट यांतलीच) बी विषाणू असतो. त्यांना तो फारसा त्रास देत नाही, माणसात मेंदूपर्यंत जातो. 1932 साली माकड चावलेला एक तरुण डॉक्टर त्याने दगावला, तेव्हा तो ओळखला गेला. उलट बाजूने माणसाकडून माकडाला क्षयरोग होतो, आणि मुंबईत ही भीती कागदावरची नाही. म्हणून चावल्यावर किंवा ओरखडा आल्यावर काय करायचं याची लेखी पद्धत आहे का, काम करणाऱ्यांची क्षयाची तपासणी ठरलेल्या मुदतीत होते का, आणि प्राण्यांचा पूर्णवेळ पशुवैद्य कोण, हे गाइडला नव्हे, तिथल्या सीनियर विद्यार्थ्याला चहा प्यायला नेऊन विचारा.